कॉन्ट्रा, व्हाइस सिटी, पबजी आणि सतरावे वर्ष

गिरगावातील आमच्या चाळीच्या गणपतीजवळ रात्रभर कोणीतरी जागे राहावे लागते. एरवी ती रात्र पत्त्यांत सरते. गेल्या खेपेस मात्र पत्ते पिसून तसेच पडून राहिले, कारण पावणेबाराच्या सुमारास मंडळाचे खजिनदार सहज बोलून गेले, की ‘कॉन्ट्रा’सारखा व्हिडिओ गेम ना पूर्वी झाला, ना पुढे होणार. खजिनदारांचे वय ४७. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या ३८ वर्षांच्या गृहस्थांनी लगेच ‘जीटीए व्हाइस सिटी’चा पक्ष घेतला, आणि खजिनदारांचा २१ वर्षांचा पुतण्या मोबाइलवरची नजर न हलवता म्हणाला, ‘‘काका, पबजी. विषय संपला.’’ विषय अर्थातच संपला नाही. सकाळच्या आरतीसाठी दूर्वा निवडायला बायका खाली आल्या तेव्हाही तो चालूच होता.

मी पंच होतो. पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी एक साधा हिशेब मांडला होता: गेम बाजारात कधी आला, हे त्यात नव्हते, तो बोलणाऱ्याच्या हाती कधी पडला, हे होते. खजिनदारांनी कॉन्ट्रा प्रथम खेळला १९९२ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी. बँकवाल्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला २००३ मध्ये, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली व्हाइस सिटीची सीडी त्याच आठवड्यात. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पुतण्या २०२० मध्ये सोळा वर्षांचा होता.

तीन माणसांवरून नियम काढणे म्हणजे विज्ञान नव्हे. पण जवळजवळ हाच प्रश्न, गेमऐवजी फुटबॉलपटूंबद्दल, जानसेन, रुबिन आणि कॉनवे या मानसशास्त्रज्ञांनी ६१९ डच नागरिकांना विचारला होता. आजवरचे सर्वोत्तम पाच खेळाडू कोणते, एवढेच त्यांनी विचारले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वाधिक वेळा क्रायफ, पेले आणि मॅराडोना ही नावे आली, यात नवल काही नाही. नवल पुढच्या हिशेबात होते. निवडलेला खेळाडू आपल्या कारकिर्दीच्या मध्यावर असताना निवडणाऱ्याचे वय काय होते, ते त्यांनी काढले, आणि सर्वाधिक वेळा आलेले उत्तर होते १७. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गावसकर की तेंडुलकर, हा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना या आकड्याचा फारसा धक्का बसणार नाही.

यामागे स्मृतीचा एक जुना, पक्का परिचित नियम आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना एकेक शब्द देऊन त्यावरून सुचणारी आठवण सांगायला लावली आणि त्या आठवणी कोणत्या वयातील आहेत याचा आलेख काढला, तर अगदी बालपणीचे काही सापडत नाही, अलीकडचे पुष्कळ सापडते, आणि मधल्या उतारावर साधारण दहा ते तीस या वयोगटात एक फुगवटा दिसतो. रुबिन, वेट्झलर आणि नेब्स यांनी १९८६ मध्ये अनेक प्रयोगांतील आकडे एकत्र करून तो दाखवून दिला. आपण त्याला ‘स्मृतींचा उंचवटा’ म्हणू. तो का पडतो, याची दोनतीन स्पष्टीकरणे दिली जातात. या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात, आणि पहिलेपणाची नोंद मेंदू ठळक करतो. शिवाय ‘मी कोण’ याची जी गोष्ट माणूस आयुष्यभर स्वतःला सांगत राहतो, तिची पात्रे आणि प्रसंग याच वर्षांतून उचललेले असतात. मला दुसरे कारण अधिक पटते. खजिनदार कॉन्ट्राची बाजू मांडत होते तेव्हा ते गेमविषयी थोडेच आणि भाड्याने आणलेल्या मशीनभोवती दाटीवाटीने बसलेल्या सात मुलांविषयी पुष्कळ बोलत होते.

मेंदूच्या पातळीवर याचा एक दुवा १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. लंडनमध्ये आठ स्वयंसेवकांना रणगाडा चालवण्याचा एक गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन घेण्यात आले. शरीरात सोडलेला एक किरणोत्सारी पदार्थ मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर जाऊन बसतो. मेंदूने स्वतःचे डोपामिन जास्त सोडले, तर त्या पदार्थाला जागा कमी मिळते, आणि तेवढ्या फरकावरून डोपामिन किती सुटले याचा अंदाज येतो. नुसत्या कोऱ्या पडद्याकडे पाहण्याच्या तुलनेत गेम खेळताना स्ट्रायाटम या भागात डोपामिन वाढलेले आढळले, आणि ज्याचा खेळ सरस त्याच्यात ते अधिक वाढलेले होते. आठ ही संख्या लहान आहे, हे विसरू नये. ‘डोपामिन म्हणजे आनंद’ हे वर्तमानपत्री समीकरणही येथे सोडून द्यावे. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले ते असे, की डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशी बक्षिसाला दाद देतात त्यापेक्षा अपेक्षेहून वेगळ्या निघालेल्या बक्षिसाला अधिक देतात. नेमके ठाऊक असलेले मिळाले तर त्या शांत राहतात, आणि अपेक्षित ते हुकले तर त्यांची हालचाल मंदावते. चांगला गेम हा ‘जमेल असे वाटले होते, पण इतके जमेल असे वाटले नव्हते’ या क्षणांचा कारखाना असतो, आणि पौगंडावस्थेत स्ट्रायाटम बक्षिसांना विशेष उत्साहाने प्रतिसाद देतो.

हा ठसा केवळ भावनेचा असतो की मेंदूच्या रचनेतही सापडतो, याचे एक सुंदर उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दिले. लहानपणी गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर पोकेमॉन हा गेम खूप खेळलेली ११ प्रौढ माणसे आणि न खेळलेली ११ माणसे त्यांनी स्कॅनरमध्ये घेतली आणि त्यांना पोकेमॉनची चित्रे दाखवली. खेळलेल्यांच्या दृष्टीसंबंधित भागात एक ठरावीक वळी त्या चित्रांना विशेष प्रतिसाद देत होती, आणि ती जागा माणसामाणसांत जवळजवळ तीच होती. तीच का? गेमबॉयचा पडदा इवलासा, मुले तो हातभर अंतरावर धरून एकटक पाहत. म्हणजे ती चित्रे वर्षानुवर्षे डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवरच पडत राहिली, आणि मध्यबिंदूवरचे तपशील हाताळणाऱ्या भागात त्यांची सोय लागली. आमच्या चाळीत गेमबॉय कोणाकडेच नव्हता. पण चौदा इंची टीव्हीसमोर नाक लावून बसणारी मुले होती, आणि खजिनदार त्यांतलेच एक.

आता खुद्द कॉन्ट्रा. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला आपल्याकडे नाना नावांनी मिळत, आणि त्यांत घालायच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. कॉन्ट्रात एक गोळी लागली की एक लाइफ गेली, आणि लाइफ मोजून तीन. त्यावर तोडगा म्हणजे वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मग बी आणि ए ही बटणे; एवढे केले की तीस लाइफ. मुळात हा संकेत काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ या गेमच्या १९८६ च्या आवृत्तीत घातला होता, कारण त्याची चाचणी घेताना त्यांना स्वतःलाच तो पार होईना. संकेत वापरूनही कॉन्ट्रा सोपा नव्हता, आणि मशीनचे भाडे दिवसावर होते. ॲरनसन आणि मिल्स यांचा १९५९ चा प्रयोग येथे हटकून आठवतो. एका चर्चागटात प्रवेशासाठी काही विद्यार्थिनींना लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य आणि काहींना कोणतीच नाही. प्रत्यक्षातील चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. तरीही जिने जास्त सोसले होते तिला ती जास्त रंजक वाटली. जे कष्टाने मिळाले ते मोलाचेच असले पाहिजे, असा मन स्वतःशी हिशेब जुळवते.

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हाही त्या कष्टांचा एक भाग. खरे तर काम फुंकरीने होत नसे. कॅसेट काढून पुन्हा खोचली की तिच्या धातूच्या पट्ट्यांचा खाचेशी नव्याने नीट संपर्क येई. फुंकरीतला ओलावा उलट त्या पट्ट्या गंजवण्याच्याच कामाचा. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ मध्ये कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले, तेव्हा दाणे पडताना जे कबूतर गोल फिरत होते ते पुढे दाण्यांसाठी गोल फिरू लागले. खजिनदारांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘कबुतराचे असेल, आमची कॅसेट फुंकरीनेच चालायची.’’

व्हाइस सिटीची गोष्ट वेगळी आहे. बँकवाल्यांनी रात्री दीड वाजता डोळे मिटून गेममधल्या त्या काल्पनिक शहरातले ओशन व्ह्यू हॉटेलापासूनचे रस्ते, पूल आणि वळणे एकामागून एक सांगितली, आणि वर हेही, की त्या काळात त्यांना बोरिवलीचे रस्ते इतके येत नव्हते. मेंदूच्या दृष्टीने यात अतिशयोक्ती थोडीच आहे. आपण कोठे आहोत हे नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील स्थानपेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांत सापडल्या. त्याबद्दल त्यांना २०१४ चे नोबेल विभागून मिळाले. माणसांत त्या २००३ मध्ये दिसल्या, आणि त्या दिसल्या त्या एका व्हिडिओ गेममुळे. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या सात रुग्णांना संशोधकांनी एका आभासी गावात टॅक्सी चालवायला दिली, तेव्हा गावातील विशिष्ट जागी पोहोचताच विशिष्ट पेशी स्फुरण पावू लागल्या. बसायला खुर्ची, समोर पडदा, आणि तरी पेशींच्या लेखी तो प्रवासच होता. म्हणून व्हाइस सिटीचा चाहता त्या गेमविषयी बोलू लागला, की सोडून आलेल्या गावाविषयी बोलल्यासारखा बोलतो.

पुतण्याच्या पबजीविषयी मी कमी लिहितो, कारण तोच कमी बोलला. २०२० च्या टाळेबंदीत खाली उतरायला बंदी होती आणि चौघे मित्र रोज रात्री गेममधल्या बेटावर भेटत. विसर्जन झाले १ सप्टेंबरला, आणि २ सप्टेंबरला सरकारने पबजीवर बंदी घातली. ‘‘बाप्पा गेले आणि दुसऱ्या दिवशी पबजी गेला,’’ एवढेच तो म्हणाला. पुढच्या जुलैत आलेला भारतीय अवतार तो आजही खेळतो, पण नाव मात्र जुनेच घेतो.

मग गेमचा स्वतःचा गुण काहीच नाही काय? आहे, आणि त्याचा पुरावा तळमजल्यावरच्या आजी आहेत. नातवासाठी घेतलेला ब्रिक गेम त्यांनी पन्नाशी उलटल्यावर हाती घेतला. उंचवट्याचे वय केव्हाच सरले होते. तरीही, डोळे मिटले की विटा पडताना दिसायच्या, असे त्यांनी त्या रात्री चहाचे पेले गोळा करताना सांगितले. ब्रिक गेम म्हणजे अलेक्सेई पाजित्नोव यांच्या ‘टेट्रिस’ची नक्कल. मॉस्कोत १९८४ मध्ये त्यांनी तो ज्या यंत्रावर लिहिला त्याला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी कंस जोडून ठोकळे केले. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये २७ जणांना टेट्रिस खेळायला लावून झोप लागता लागता काय दिसते ते विचारले, तेव्हा बहुतेकांना ठोकळे दिसले. त्यांत स्मृतिभ्रंशाचे पाच रुग्ण होते. आपण कोणता गेम खेळलो हेच ज्यांना आठवत नव्हते, अशांपैकी तिघांना तरीही ठोकळे दिसत होते. ज्या आठवणीचा मालकालाच पत्ता नाही, तिचा अभिमान कोण बाळगणार? आजींनीही टेट्रिसची बाजू घेतली नाही. त्यांना वादात रस नव्हता. एखादा गेम मेंदूत खोल उतरणे आणि माणसाने त्याची पालखी वाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले वाद बहुधा दुसरीचे असताना आपण पहिलीचे दाखले देत असतो.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील खेळांच्या संग्रहालयाने २०१५ मध्ये गौरवासाठी पहिले सहा गेम निवडले: पाँग, पॅक-मॅन, टेट्रिस, सुपर मारिओ ब्रदर्स, डूम आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. त्यांत कॉन्ट्रा नाही, हे कळल्यावर खजिनदारांनी निवड समितीच्या वयाची चौकशी केली.

पहाटे साडेचारला पुतण्याने मोबाइलवर कॉन्ट्रा शोधून काढला. तो मिनिटभरात तिन्ही लाइफ घालवून बसला आणि फोन काकांपुढे सरकवला. खजिनदारांनी चश्मा कपाळावर चढवला आणि बोटे काचेवर ठेवली. वर, वर, खाली, खाली इथपर्यंत अंगठा आपोआप गेला. पुढे तो चाचपडला, कारण जिच्यावर टेकायचे ती बटणाची उंचवटी तेथे नव्हती. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग फोन परत देऊन त्यांनी तोच संकेत मांडीवर, धोतराच्या निऱ्यांवर अंगठा आपटत, एका दमात अचूक वाजवून दाखवला.