फायब्रेट औषधे

रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) उतरवण्यासाठी पोटात घ्यायच्या औषधांचा गट. फेनोफायब्रेट, जेमफायब्रोझिल, बेझाफायब्रेट ही त्यातली परिचित नावे. भारतात 2013 पासून मिळणारे सारोग्लिटाझार हे त्यांचे जवळचे भावंड. ते मधुमेही रुग्णांना दिले जाते.

ट्रायग्लिसराइड 150 मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटरच्या आत असावे. ते 500 च्या वर गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते आणि 1000 च्या पुढे ती बरीच वाढते. अशा रुग्णाचे रक्त नळीत ठेवले की वर साचणारा द्रव पिवळसर, नितळ दिसत नाही. दुधासारखा पांढरट दिसतो. फायब्रेटची खरी गरज याच रुग्णांना असते.

ही औषधे यकृतातील ‘पीपीएआर-अल्फा’ या ग्राहीला (पेशीतील संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चालना देतात. त्यामुळे लायपोप्रोटीन लायपेज या विकराचे (एन्झाइमचे) काम वाढते, चरबीचे कण लवकर फुटतात आणि ट्रायग्लिसराइड साधारण 30 ते 50 टक्क्यांनी उतरते. मात्र रिपोर्टातला आकडा उतरला म्हणून हृदयविकार टळलाच, असे धरून चालू नये. पेमाफायब्रेट या फायब्रेटच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ट्रायग्लिसराइड उतरले, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. म्हणून हृदयासाठी पहिले औषध आजही कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिनच.

पोट बिघडणे, मळमळ, यकृताच्या तपासणीतले आकडे वाढणे हे नेहमीचे दुष्परिणाम. पित्ताशयात खडे होऊ शकतात. फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) थोडे वाढते. गोळी थांबवली की ते बहुधा पूर्ववत होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणामही या औषधांमुळे वाढतो, तेव्हा त्याचा डोस नव्याने बसवावा लागतो.

सर्वांत जपायचे ते स्नायूंना. जेमफायब्रोझिल स्टॅटिनचा निचरा अडवते, स्टॅटिन रक्तात साचते आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन 2001 मध्ये बाजारातून मागे घेतले गेले, त्यामागे अशाच घटना होत्या. जेमफायब्रोझिलसोबत घेणाऱ्यांत त्या विशेष आढळल्या. दोन्ही प्रकारची औषधे लागणारच असतील, तर फेनोफायब्रेट अधिक सुरक्षित. तरीही मांड्या-दंड विनाकारण ठणकू लागले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.