सम्पमधली रिकामी जागा आणि रेफ्यूजियममधले शैवाल

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयाच्या मुख्य टाकीखाली, कपाटात, जी दुसरी टाकी ठेवली जाते तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीचे पाणी काठाजवळच्या सांडव्यावरून नळीने खाली उतरते, सम्पमधल्या स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण वेगळी काढणारे उपकरण) आणि हीटरजवळून पुढे सरकते आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. सम्पचा आराखडा बहुतेक जण पंप चालू असल्याचे गृहीत धरून काढतात; माझ्या मते मात्र तो पंप बंद पडल्याच्या क्षणापासून काढायला सुरुवात करावी, कारण वीज कधीतरी जाणारच.

समजा, मुख्य टाकी १२० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद आणि ५० सें.मी. उंच आहे. तिच्यातील पाण्याचा १ सें.मी. जाडीचा थर म्हणजे ५.४ लिटर पाणी. पंप थांबला की परतीच्या नळीतून पाणी उलट्या दिशेने खाली वाहू लागते आणि नळीचे तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत हा वक्रनलिकेचा (सायफनचा) प्रवाह थांबत नाही. हे तोंड पृष्ठभागाखाली १५ सें.मी. असेल, तर ८१ लिटर पाणी खाली येईल. सम्प ९० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद आणि ४० सें.मी. उंच असून त्यात पाणी २२ सें.मी.पर्यंत असेल, तर वर फक्त ६५ लिटरची जागा उरते. बाकीचे पाणी घरभर. तेच तोंड पृष्ठभागाखाली २ सें.मी.वर ठेवले, तर या वाटेने जेमतेम ११ लिटर येतात. सांडव्यावरचे आणि नळ्यांतले थोडे पाणी त्यात मिळवले तरी सम्प ते सहज सामावून घेतो. नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडणे किंवा एकदिशा व्हॉल्व्ह बसवणे हे उपाय सांगितले जातात, परंतु भोक शैवालाने बुजते आणि व्हॉल्व्हमध्ये क्षारांचे किटण साचते. त्यामुळे त्यांना जोडीला ठेवावे, त्यांच्या भरवशावर राहू नये.

याच्या उलट अपघातही होतो. पंप चालू असताना खाली उतरणारी नळी एखाद्या गोगलगायीने किंवा शैवालाच्या गुंत्याने तुंबली, तर पंप आपल्या कप्प्यातले सगळे पाणी वर नेऊन ओततो. म्हणून पंपाच्या कप्प्यातले पाणी वरच्या टाकीच्या काठाखाली मोकळ्या ठेवलेल्या जागेत मावेल इतकेच असावे. आपल्या उदाहरणात काठाखाली ४ सें.मी. मोकळे सोडले, तर २१.६ लिटर मावतात, २५ सें.मी. लांब कप्प्यात २० सें.मी. पाणी म्हणजे २० लिटर, म्हणजे हिशेब जुळतो. शिवाय मुख्य नळीच्या जोडीला, एरवी कोरडी राहणारी दुसरी नळी थोड्या वरच्या पातळीवर बसवावी. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

बाष्पीभवनाचा परिणामही याच कप्प्यात दिसतो, कारण कप्पे वेगळे करणाऱ्या उभ्या पडद्यांमुळे इतर कप्प्यांची पातळी स्थिर राहते. स्किमरलाही अशी स्थिर पातळीच लागते. दिवसाला ४ लिटर पाणी उडाले, तर पंपाच्या कप्प्यातले पाणी ४ सें.मी. उतरते, आणि मीठ मात्र मागेच राहते: एकूण ३०० लिटर पाण्याची क्षारता एका दिवसात लिटरमागे ३५ ग्रॅमवरून सुमारे ३५.५ ग्रॅमवर जाते. त्यामुळे भर घालायची ती नेहमी गोड्या, शुद्ध आरओ पाण्याची. पिण्याच्या पाण्याच्या अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळले जातात, तेव्हा ती सोय बंद करून मगच ते पाणी वापरावे.

पडद्यांमधल्या फटींकडेही लक्ष हवे. तासाला १,२०० लिटर पाणी ४० सें.मी. रुंद आणि दीड सें.मी. जाड फटीतून खाली जाताना त्याचा वेग सेकंदाला साडेपाच सें.मी. होतो आणि ते बारीक बुडबुडे आपल्याबरोबर ओढून नेते. फट ३ सें.मी. केली की वेग निम्मा होतो आणि बरेच बुडबुडे वर सुटून जातात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून येथे ही काळजी अधिक घ्यावी लागते.

रेफ्यूजियम हा सम्पमधलाच एक उजेडाचा कप्पा असतो. त्यात शैवाल वाढते आणि माशांच्या तोंडापासून दूर कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव सुखाने पैदास करतात. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने भारतातील घरगुती टाकी ही माशांचीच असावी लागते, आणि मासे म्हटले की खाद्य आले. ४५ टक्के प्रथिने असलेल्या १० ग्रॅम कोरड्या खाद्यात सुमारे ०.७ ग्रॅम नायट्रोजन असतो. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले, तर ते ३ ग्रॅमांहून जास्त भरते, म्हणजे ३०० लिटर पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमची भर. दुसरीकडे, १०० ग्रॅम ओल्या शैवालात ढोबळमानाने १० ग्रॅम कोरडा भाग आणि त्यात ०.३ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन असतो; ते शैवाल काढून टाकले की तेवढा नायट्रोजनही टाकीबाहेर जातो. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर अ‍ॅडी यांनी १९८० च्या दशकात शैवालाच्या गालिच्यावर पाणी शुद्ध करण्याची जी पद्धत विकसित केली, तिचा आधारही हाच होता: वाढलेले शैवाल खरवडून बाहेर काढायचे.

शैवाल निवडताना मी कीटोमॉर्फा घेण्यास सांगेन. ते तारेच्या गुंत्यासारखे असते, मुळांवाचून वाढते आणि मूठभर उचलून बाहेर काढता येते. कौलर्पा दिसायला देखणे, पण प्रजननाच्या वेळी ते एकाएकी पांढरे पडून विरघळते आणि साठवलेले सारे पोषकद्रव्य परत पाण्यात सोडते. सांडव्याची नळी दोन फाट्यांत विभागून रेफ्यूजियमकडे थोडाच प्रवाह वळवावा. त्या फाट्यावर व्हॉल्व्ह असला की प्रवाह कमीजास्त करता येतो. दिवा रात्री लावावा. मुख्य टाकीतला उजेड मालवल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालू राहते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा सामू उतरतो. त्याच वेळी खालचे शैवाल तो वायू शोषू लागले की ही घसरण बरीच आटोक्यात राहते.

कप्पा शैवालाने गच्च भरू देऊ नये. आतल्या भागापर्यंत उजेड पोहोचला नाही की तेथले धागे कुजतात आणि शोषलेले नायट्रेट पुन्हा पाण्यात येते. तसे होण्याआधीच, वाढ पाहून आठवड्या-दोन आठवड्यांनी एकतृतीयांश ते निम्मे शैवाल काढावे; काढलेले शैवाल खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवून घेतले, तर त्यातले बरेचसे कोपेपॉड सुटतात आणि ते पाणी गाळून त्यांना परत रेफ्यूजियममध्ये सोडता येते.