यूएसबी डिस्प्ले मॉड्यूल: संपर्कातले बिघाड

यूएसबी डिस्प्ले मॉड्यूल म्हणजे कॉम्प्युटरला यूएसबी केबलने जोडायची छोटी अक्षरं दाखवणारी पाटी, साधारण सोळा बाय दोन किंवा वीस बाय दोन, म्हणजे एका ओळीत १६ नाहीतर २० अक्षरं आणि अशा दोन ओळी. मुंबईत ही बहुतेकांनी मेडिकलवाल्याच्या किंवा डेअरीच्या काउंटरवर पाहिलेली असते, दांड्यावर बसवलेली, निळसर हिरव्या अक्षरात टोटल दाखवणारी, तिला बिलिंगवाले पोल डिस्प्ले म्हणतात. दुसरीकडे ती दिसते इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये, आणि तो माल येतो लॅमिंग्टन रोडवरून (रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा). लॅपटॉपला दुसरा स्क्रीन म्हणून लावतात ते यूएसबी मॉनिटर वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही.

नावात यूएसबी असलं तरी या पाटीत यूएसबी कळणारी बहुधा एकच वस्तू असते, एक छोटी ब्रिज चिप: एफटी२३२, सीपी२१०२, सीएच३४० किंवा पीएल२३०३. ती यूएसबीतून आलेला माल उतरवून घेते आणि पुढे जुन्या सिरियल लाइनवर एकेक बाइट (साधारण एक अक्षर) ढकलते. म्हणजे प्रवास दोन टप्प्यांचा झाला, बोरिवलीपर्यंत लोकल आणि पुढे शेअर रिक्षा. लोकलच्या टप्प्यात पोच मिळते, डेटा नीट पोचला की समोरून तसं कळवलं जातं आणि नाही कळवलं तर तो परत पाठवला जातो. रिक्षाच्या टप्प्यात मात्र कोणी कोणाला काही विचारत नाही. म्हणून सॉफ्टवेअर "पाठवलं, ओके" म्हणतं आणि पाटी कोरी, असं होतं ना, तेव्हा सॉफ्टवेअर खोटं बोलत नसतं, ते बिचारं चिपपर्यंतचंच सांगत असतं. बिघाड शोधायचा म्हणजे आधी हे ठरवायचं की माल कुठल्या टप्प्यात अडकलाय. लोक हे न करता सरळ ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकत बसतात, त्यात दिवस जातो.

पहिला टप्पा तपासणं सोपं आहे. पाटी लावली की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स खाली नवीन कॉम पोर्ट (सिरियल जोडणी, नंबरासकट) दिसायला पाहिजे, लिनक्सवर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या नोंदींत) नवीन ओळी यायला पाहिजेत. काहीच आलं नाही तर संशय आधी केबलवर घ्यावा. यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात, लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाची. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये लाल आणि काळी एवढ्याच असतात, त्यामुळे पाटीचा लाइट लागतो आणि माणूस फसतो, की करंट येतोय म्हणजे केबल चांगली. दुकानात मागताना "डेटा केबल द्या" असं स्पष्ट म्हणावं. लांबी ५ मीटरच्या वर नको, काउंटर लांब आहे म्हणून दोन एक्स्टेंशन जोडून घेतली की कटकट सुरू.

पॉवरचंही तसंच. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँप देतो, आणि कॉम्प्युटरने ओळख पटवून घेईपर्यंत तर १०० मिलिअँपच घ्यायची मुभा असते. पोल डिस्प्लेतली ती हिरवी अक्षरं व्हीएफडीची (स्वतः उजळणाऱ्या काचेच्या नळीची) असतात, त्यात तापणारी फिलामेंट असते, साध्या एलसीडीपेक्षा ती जास्त खाते. एकाच बिनअडॅप्टरच्या हबवर स्कॅनर, कीबोर्ड आणि हा डिस्प्ले लटकवला की मग मध्येच टुडुंग, परत टुडुंग, जोडलं तुटलं जोडलं तुटलं.

मुंबईची हवा यात आपली भर घालतेच. जून ते सप्टेंबर दमट हवेत कनेक्टरच्या पिना काळ्या हिरव्या पडतात, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुसल्या की कित्येकदा तेवढ्यावर काम होतं. गिरगावात एका दुकानात डिस्प्ले दर थोड्या वेळाने मरायचा, कोणाला कळेना, शेवटी लक्षात आलं की शेजारच्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की हे होतं. लिनक्सचा कर्नल अशा वेळी स्वतःच "पोर्ट हबने बंद केला, ईएमआय?" अशा अर्थाची ओळ लिहितो, प्रश्नचिन्हासकट (हा ईएमआय कर्जाचा हप्ता नव्हे, विजेच्या उपकरणांचा विद्युतचुंबकीय गोंगाट). केबल आखूड केली, फेराइट मणी (असा गोंगाट अडवणारा जाड गोळा) असलेली घेतली आणि फ्रिजच्या वायरपासून लांब नेली, मग शांतता.

कॉम्प्युटरला पाटी दिसते पण पिवळं चिन्ह येतं, तर गोष्ट ड्रायव्हरची. इथे नकली चिपांचा मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या (एफटी२३२ बनवणारी कंपनी) ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडीच (कॉम्प्युटर ज्यावरून चिप ओळखतो तो नंबर) शून्य करून टाकला, मग त्या कुठेच ओळखू येईनात, बराच आरडाओरडा झाला. पीएल२३०३च्या जुन्या चिपांना तर नवीन विंडोजमध्ये नावाच्या जागीच "२०१२ पासून बंद, सप्लायरशी बोला" अशी ओळ दिसते. उबुंटू २२.०४ या लिनक्सवर वेगळीच गंमत, सीएच३४० लावली की पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो, कारण बीआरएलटीटीवाय नावाची सर्व्हिस तिला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेते. ब्रेल लागत नसेल तर ती काढावी. आणि पोर्ट दिसतो पण उघडत नाही तर यूजरला डायलआउट ग्रुपमध्ये (लिनक्सवर सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात) टाकावं.

कॉम नंबर बदलणं हा दुकानांतला नेहमीचा आजार. सीएच३४० ला स्वतःचा सिरियल नंबर नसतो, म्हणून झाडलोट करताना केबल दुसऱ्या भोकात गेली की विंडोज तिला नवीन पाहुणा समजून नवीन नंबर देतं, आणि बिलिंग सॉफ्टवेअर अजून जुन्या नंबरला हाका मारत बसतं. सकाळी उघडल्यावर डिस्प्ले मुका असेल तर पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या" ही खूण काढावी.

आता रिक्षाचा टप्पा. इथे दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, सारखा पाहिजे, बहुतेक पोल डिस्प्ले ९६०० वर असतात, काही मॉड्यूल १९२०० किंवा ११५२०० वर. चुकला की पाटीवर कचरा येतो, आणि कचरा येणं ही खरं तर चांगली बातमी, तार शाबूत आहे एवढं नक्की झालं. ९६०० ला सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे ३२ अक्षरांची पाटी भरायला ३३ मिलिसेकंद, त्याहून भराभर ढकलत राहिलं तर मधली अक्षरं गळू शकतात. प्रोजेक्टमध्ये चिपच्या टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) या पिना तारेने जोडून टर्मिनलमध्ये टाइप करावं, टाइप केलेलं परत आलं तर चिपपर्यंत सगळं ठीक. आर्डुइनो उनो (प्रोजेक्टमधला छोटा प्रोग्रॅम करायचा बोर्ड) असेल तर कॉम्प्युटरने पोर्ट उघडताच बोर्ड रीसेट होतो, म्हणून पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबून मगच पाठवावं, नाहीतर पहिला मेसेज हवेत.

सोळा बाय दोनच्या एलसीडीवर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन असतील तर त्याला सुरुवातीच्या कमांड मिळालेल्याच नाहीत. सगळंच पुसट असेल तर आधी कॉन्ट्रास्टचा स्क्रू फिरवावा, तो संपर्काचा बिघाडच नव्हे.

सगळ्यात मजेशीर बिघाड भाषेचे. एखाद्या पाटीला एस्केप (पुढे कमांड आहे असं सांगणारा बाइट) आणि ६४ पाठवलं की ती रीसेट होते, पण दुसऱ्या घराण्याच्या पाटीला ते कळत नाही आणि ती निमूटपणे ॲट द रेटचं चिन्ह छापते, कारण ६४ म्हणजे तेच. मॅट्रिक्स ऑर्बिटल कंपनीच्या मॉड्यूलला २५४ आणि मग ८८ म्हणजे "पुसून टाक", इतरांना ८८ म्हणजे मोठा एक्स. कोपऱ्यात उगाच एक्स दिसत असेल तर सेटिंगमध्ये कमांड सेट बदलावा.

रुपयाच्या चिन्हाचं असंच. ते २०१० मध्ये आलं, आणि हिताचीच्या एचडी४४७८० या कंट्रोलरचा (एलसीडी चालवणाऱ्या चिपचा) अक्षरसाठा त्याच्या कितीतरी आधीचा. यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची आजची पद्धत) ₹ म्हणजे तीन बाइट, जपानी अक्षरसाठा असलेल्या पाटीवर त्याचं होतं ग्रीक बीटा, एक रिकामी जागा आणि कटाकाना या जपानी लिपीतला 'के'. देवनागरीचं तर नावच नको. त्यावर उपाय म्हणजे कंट्रोलरमध्ये स्वतःची अक्षरं काढायला आठ जागा असतात, पाच बाय आठ ठिपक्यांच्या, त्यातल्या एकीत ₹ बसवता येतो, पण करंट गेला की तो पुसला जातो, म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना दरवेळी परत पाठवावा लागतो.