घरी वाजणारी सीडी गाडीत का अडते?

कॉम्प्युटरवर बर्न केलेली सीडी घरी खणखणीत वाजते आणि गाडीत ‘एरर’ दाखवते, तेव्हा आधी चकतीवर काय छापलंय ते बघा: सीडी-आर की सीडी-आरडब्ल्यू? कारखान्यातल्या सीडीवरून लेसरचा निदान ७० टक्के प्रकाश परत येतो, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरवरून साधारण तेवढाच. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यूवरून मात्र जेमतेम १५ ते २५ टक्के. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह तेवढ्यावर भागवतो, पण गाडीतल्या जुन्या प्लेअरला चकती आत आल्याचा पत्ताच लागत नाही. गाडीसाठी सीडी-आरच घ्या.

विंडोज मीडिया प्लेअरच्या ‘बर्न’ टॅबमध्ये ‘ऑडिओ सीडी’ निवडा. ‘डेटा सीडी’ चालेल ती गाडीच्या प्लेअरवर ‘एमपी३’ लिहिलेलं असेल तरच. ऑडिओ सीडीत ८० मिनिटांपलीकडे काही मावत नाही, मग फाइल कितीही लहान असो. कारण प्रत्येक गाणं उलगडून, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने या हिशेबाने लिहिलं जातं. (त्यामुळे एमपी३ची हरवलेली गुणवत्ता परत येईल, ही भाबडी आशा सोडा.) दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘डिस्क-अॅट-वन्स’ (सगळी सीडी एका दमात लिहून बंद करणारा पर्याय) घ्या. सीडी अशी बंद, म्हणजे ‘फायनलाइज’, झाली नाही तर गाडीला गाण्यांची यादीच सापडत नाही.

बर्न करायचा वेग १६एक्स, म्हणजे वाजण्याच्या वेगाच्या सोळापट, ठेवा. पाच-सहा मिनिटांत काम होतं. पाकिटावर ५२एक्स लिहिलंय म्हणून तेवढा पळवायची गरज नाही.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. शेवटची गाणी काठाशी, आणि बोटांचे ठसेही तिथेच. म्हणून ७० मिनिटांवर थांबलेलं बरं. नाव लिहायला सीडी मार्करच वापरा, बॉलपेन नको: छापील बाजूला लॅकरच्या (वार्निशसारख्या लेपाच्या) पातळ थराखाली लगेच चमकणारा थर असतो, खालच्या बाजूला मात्र १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण आहे. स्टिकर तर नकोच. ठाण्यात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत त्याचा गोंद सुटतो आणि चकती प्लेअरच्या फटीत अडकते.

घोडबंदर रोडवर गाणं उड्या मारू लागलं, तर जागा बघा. दर वेळी वेगळ्या जागी उडत असेल तर खड्डा. त्याच गाण्यात, त्याच ओळीवर उडत असेल तर ओरखडा किंवा डाग: मऊ कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.