ऐनू संस्कृती: दोन शेजाऱ्यांच्या देवाणघेवाणीतून

ऐनू हे उत्तर जपानमधले, मुख्यतः होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी. ते म्हणजे जगापासून तुटून राहिलेले, जोमोन काळापासून (जपानमधल्या प्रागैतिहासिक शिकारी-संग्राहकांच्या काळापासून) जसेच्या तसे टिकलेले शिकारी, असे आजही सर्रास लिहिले जाते. हा त्या लोकांवर मोठा अन्याय आहे. त्यांची मुळे जोमोनपर्यंत जातात हे खरे. पण ज्या संस्कृतीला आपण ऐनू म्हणतो ती घडली तेराव्या शतकाच्या आसपास, आणि तीही शेजाऱ्यांच्या सहवासात.

साधारण पाचव्या-सहाव्या शतकात उत्तरेकडच्या साखालिन बेटाकडून ओखोत्स्क संस्कृतीचे दर्यावर्दी होक्काइदोच्या उत्तर आणि ईशान्य किनाऱ्यावर उतरले. सील, देवमासे, मासेमारी यांवर त्यांची गुजराण. डुकरेही ते पाळत. बेटाच्या उरलेल्या भागात जोमोनांचे वंशज होते. सातव्या शतकापासून तिथे सात्सुमोन संस्कृती आकाराला आली: चौकोनी खळगाघरे (जमिनीत खड्डा खणून बांधलेली घरे), भिंतीला लागून चूल, थोडीफार शेती आणि जपानच्या मुख्य बेटावरून, होन्शूहून, येणारे लोखंड.

या दोघांमधला व्यवहार होक्काइदोच्या उत्तर टोकाजवळच्या रेबुन बेटावर स्पष्ट दिसतो. या चिमुकल्या बेटावर तपकिरी अस्वले नाहीतच. तरीही तिथल्या ओखोत्स्क वस्तीत अस्वलांच्या कवट्या सापडल्या. डीएनए तपासल्यावर कळले की त्यातली पिल्ले दक्षिण होक्काइदोतल्या अस्वलांच्या वंशातली होती. म्हणजे कुणीतरी जिवंत पिल्लू परक्या मुलखातून मिळवले आणि होडीत घालून समुद्रापार आणले. नुसत्या मांसासाठी एवढा खटाटोप कोण करील? ओखोत्स्क घरांत कवट्या रचून ठेवायची खास जागा असे. पिल्लू वाढवून त्याच्या आत्म्याला सन्मानाने देवलोकी पाठवायचा ऐनूंचा ‘इओमान्ते’ विधी याच परंपरेशी जोडला जातो, आणि मला तो दुवा पटतो.

पुढे सात्सुमोन लोक उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पसरले. पूर्व होक्काइदोत दोन्ही धाटणींची सरमिसळ असलेली तोबिनिताई संस्कृती उभी राहिली. रक्ताचे नातेही जुळले: ओखोत्स्क सांगाड्यांत मिळालेला, आईकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएचा ‘वाय’ नावाचा गट ऐनूंमध्ये आहे, होक्काइदोच्या जोमोन अवशेषांत मात्र तो सापडलेला नाही.

मग होन्शूचा व्यापार वाढला. कातडी, गरुडाची पिसे, सुका मासा तिकडे जाई. बदल्यात लोखंडी भांडी येत. मातीची भांडी घडवणे बंद पडले, खळगाघरे जाऊन जमिनीवरची घरे आली. ऐनू साखालिनपर्यंत पोचले, तिथल्या निव्ख लोकांशी त्यांचे खटके उडाले आणि निव्खांच्या बाजूने 1264 मध्ये मंगोल फौज त्यांच्यावर चालून आली. तो संघर्ष 1308 पर्यंत अधूनमधून चालूच राहिला.