वारा पडला की येणारी चिलटं: तंबूत राहायला येण्याआधी एवढं वाचून घ्या

दर सीझनला आमच्याकडे एक फोन ठरलेला असतो. सोमवारी सकाळी, माणूस ऑफिसला पोचलेला असतो आणि म्हणतो, दादा बाकी सगळं मस्त होतं पण मच्छर फार होते हो तुमच्याकडे, आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर घोट्यांचे फोटो. फोटो बघितला की लगेच कळतं की हे मच्छर नाहीत. मच्छर चावला तर इथे एक तिथे एक गांधी उठते, इथे मोज्याच्या कडेला ओळीने वीस-पंचवीस लाल ठिपके असतात आणि माणूस शपथेवर सांगतो की चावताना काहीच दिसलं नाही, आवाजही आला नाही. बरोबर आहे, दिसत नाहीच ते. आमच्याकडे त्याला मुरकुटं म्हणतात, कोणी घुंगुरटी म्हणतं, बहुतेक पाहुणे नुसतं चिलटं म्हणतात, तर आपणही चिलटंच म्हणू.

हे पत्रक आम्ही का काढलं तर फोनवर तेच तेच सांगून दमलो म्हणून. आमचा धंदा छोटा आहे, दापोली तालुक्यात खाडीच्या तोंडाशी बारा तंबू, मी, बायको आणि मेहुणा. चिलटं अजिबात नाहीत असं सांगून बुकिंग घेणारे लोक असतात, आम्हाला ते जमत नाही. चिलटं आहेत. पण त्यांचं वेळापत्रक आहे आणि ते कळलं की निम्मा त्रास जातो.

आधी ओळख करून घ्या

आकार खसखस आणि तीळ यांच्या मधला, एक ते तीन मिलिमीटर. चावते ती फक्त मादी, तिला अंडी घालायला रक्त लागतं, नर बिचारा फुलातल्या रसावर जगतो. मच्छर सुई टोचल्यासारखं रक्त ओढतो, ही बया कातडीला बारीक कात्री मारते आणि वर आलेला थेंब पिते, रक्त गोठू नये म्हणून लाळ सोडते आणि त्या लाळेचीच आपल्या अंगाला ॲलर्जी येते. म्हणून खाज कधी कधी दुसऱ्या दिवशी जास्त असते, आणि म्हणून तो फोन सोमवारी येतो. आमच्या गावातल्या लोकांना एवढं सुजत नाही कारण लहानपणापासून चावून घेऊन अंगाला सवय झालेली असते, पुण्याहून आलेल्या माणसाचा मात्र घोटा टम्म.

वाढतात कुठे, तर ओल्या चिखलात. खाडीचा चिखल, कांदळवन, शेणाचा ओला खड्डा, कुजलेला पालापाचोळा. कोरड्या स्वच्छ वाळूत नाही. याच कुळातले काही किडे कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात, म्हणजे चॉकलेट खाताना त्यांचे आभार मानायला हवेत, पण संध्याकाळी सहा वाजता पाय खाजवताना ते सुचत नाही.

खरी गोष्ट वाऱ्याची आहे

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतंय का? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. आता हे दोन्ही वारे जेव्हा पाळी बदलतात, म्हणजे सूर्य बुडायच्या आसपास आणि पहाटे उजाडताना, तेव्हा मध्ये एक शांत वेळ येतो. सुरूच्या झाडांचा आवाज बंद होतो, आमच्या साईटवरचा झेंडा काठीला चिकटतो. त्याच वेळी चिलटं येतात. इतका हलका किडा वाऱ्यात उडूच शकत नाही, ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा असला तरी तो पानाखाली बसून राहतो. म्हणजे अंगावरचा शर्ट फडफडतोय एवढा वारा असेल तर बिनधास्त बसा.

हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं असं समजू नका. पहिल्या वर्षी दोन पाहुण्यांनी तक्रार केली की रात्रभर तंबू फडफडतो, झोप येत नाही, म्हणून आम्ही शहाणपणा करून सगळे तंबू सुरूच्या बनामागे खाडीच्या बाजूला आडोशाला हलवले. दिसायला काय सुंदर जागा. पहिल्याच शनिवारी एक कुटुंब साडेसहा वाजता चहाचे कप तसेच टाकून गाडीत जाऊन काचा लावून बसलं आणि तिथूनच मला फोन करून विचारलं की जेवण गाडीत मिळेल का. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून बघत होत्या, म्हणाल्या, अरे ओहोटीला तो सगळा चिखल उघडा पडतो, तिथे आम्ही गुरंसुद्धा बांधत नाही. हे त्या महिनाभर आधी सांगू शकल्या असत्या पण आम्ही विचारलं कुठे होतं. आता तंबू पुन्हा समुद्राकडच्या उंचवट्यावर आहेत, फडफडतात, फडफडू द्या.

तर तुम्ही दुसरीकडे कुठे स्वतःचा तंबू लावणार असाल, धरणाच्या काठाला म्हणा किंवा भंडारदऱ्याकडे म्हणा, तरी हाच हिशोब. पाण्याला अगदी चिकटून नको, गोठ्याजवळ नको, खोलगट जागा नको. थोडी उंच, मोकळी, वारा खेळता असेल अशी जागा बघा आणि गावातल्या माणसाला एकदा विचारा.

मच्छरदाणी आहे ना, मग?

नेहमीच्या मच्छरदाणीचं भोक सव्वा ते दीड मिलिमीटरचं असतं, चिलट त्यातून चालत आत येतं, उडायचीसुद्धा गरज नाही. आम्ही एका सीझनला 'फाईन नेट' लिहिलेले नवे तंबू घेतले होते, विकणाऱ्याने बोटाने जाळी ताणून दाखवली, आम्ही पैसे मोजले, आणि आल्यावर कळलं की जाळी तीच जुनी, फक्त रंग काळा. तेव्हापासून बायको जाळी तपासायला खसखस वापरते. जाळी आडवी धरायची, वर चिमूटभर खसखस टाकायची, हलकेच हलवायची, खाली गळली तर चिलट येणारच. आत्ता आमच्या सगळ्या तंबूंना खसखस न गळणारी जाळी आहे.

पण तिचा एक तोटा स्पष्ट सांगतो, बारीक जाळीतून हवाही कमी येते, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोकणात रात्री तंबूत घाम येतो. म्हणून प्रत्येक तंबूत एक चार्जिंगचा पंखा देतो. तो पंखा नुसता उकाड्यासाठी नाही, वारा म्हणजे चिलटांना बंदी. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडचा माग काढत ती येतात आणि पंखा तो मागही पसरवून टाकतो. जेवायच्या मांडवात मोठे दोन फॅन पायांच्या उंचीला लावलेत, वर नाही, लोक विचारतात इतके खाली का, तर टेबलाखाली घोटेच आधी सापडतात म्हणून.

आणि तंबूची चेन. अहो चेन लावा. आत-बाहेर करताना मुलं हमखास उघडी टाकतात, आणि आत लाईट चालू असला तर बाहेरची सगळी जत्रा आत. आधी लाईट बंद, मग आत शिरा, चेन लावा, मग लाईट. आमचे बल्ब पिवळे आणि मंद आहेत म्हणून कृपया नाराज होऊ नका, ते मुद्दाम आहेत.

अंगाला काय लावायचं

कपड्यांपासून सुरुवात करा, फुकटचं काम आहे. चिलटाचं तोंड इतकं आखूड की कापडातून त्याला चावता येत नाही, मच्छराचं तसं नसतं. सैल, फिक्या रंगाची फुल पँट आणि फुल बाह्या, आणि पँट मोज्यात खोचून, गबाळं दिसतं, दिसू दे. शॉर्ट्स दिवसभर घाला, पाच-साडेपाचला बदला.

क्रीम किंवा स्प्रे घेताना मागचं लेबल वाचा. डीट असेल, पिकारिडिन असेल तर ते चिलटांवर चालतं. लेमन युकॅलिप्टसचं तेल म्हणून जे रिपेलंट मिळतं तेही चालतं पण ते वेगळं आणि आपलं सर्दीला हुंगायचं निलगिरी तेल वेगळं, गोंधळ करू नका. आधी सनस्क्रीन, ते जिरलं की वरून रिपेलंट, आणि घोटे, मानेची मागची बाजू, कानामागे, केसांच्या कडेला विसरू नका. घाम आला, पाण्यात गेलात की परत लावायचं. डीटने प्लॅस्टिक आणि सिंथेटिक कापड खराब होतं, एका पाहुण्याच्या नव्या गॉगलची फ्रेम चिकट झाली होती आणि आमच्या एका तंबूवर अजून हाताचा पंजा उमटलेला आहे, त्यामुळे स्प्रे तंबूबाहेर मारा.

लहान मुलांना तुमच्या हाताने लावा, त्यांच्या तळहाताला नको कारण हात लगेच तोंडात जातो, डोळ्याजवळ नको, जखमेवर नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावायचं नाही, आणि लेमन युकॅलिप्टसवालं तीन वर्षांखालच्या मुलांना नाही. झोपायच्या आधी पाय धुवा.

खोबरेल तेल? लावतात गावात, जाड थर असला तर किडे त्यात चिकटतात, अर्धा-पाऊण तास बरं वाटतं, नंतर वाळूच चिकटते. मोबाईलमधलं ते किडे पळवणारं आवाजाचं ॲप मात्र डिलीट करा, त्याने फक्त बॅटरी संपते. धुरी आम्ही करतो, नारळाची सोडणं आणि कडुलिंबाचा पाला, मांडवापासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तेवढ्यापुरता फरक पडतो, पण कुणाला दमा असेल तर येताच सांगा, त्या दिवशी करणार नाही. तंबूत कॉईल लावायला सक्त मनाई आहे. नायलॉनचा तंबू कॉईलच्या निखाऱ्याने किती पटकन वितळतो ते आम्ही बघितलंय आणि बंद जागेत तो धूर छातीत जातो ते वेगळंच.

कासवं बघायला जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी ते एप्रिल तुम्ही बहुतेक वेळासला किंवा आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बघायला जाणार. आता गंमत बघा, पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, म्हणजे नेमकी चिलटांची ड्यूटी चालू असताना, आणि तुम्ही तासभर वाळूत मांडी घालून दोरीमागे बसलेले. त्यामुळे मोजे, फुल पँट आणि रिपेलंट इथूनच लावून निघा, तिथे बसून आजूबाजूला स्प्रे मारू नका, पिल्लांना हात तर लावायचाच नसतो. चटई घेऊन जा, मागून घ्या आमच्याकडून.

आजाराचं काय

हा प्रश्न सगळे विचारतात. डेंग्यू, मलेरिया चिलटांमुळे होत नाही, ते मच्छरांचं काम, आणि मच्छरही आहेतच तेव्हा रात्रीची काळजी सोडू नका. चिलटांचा खरा फटका मेंढ्यांना बसतो, निळ्या जिभेचा रोग म्हणजे ब्लूटंग त्यांच्यातूनच पसरतो.

इंटरनेटवर शोधलं की सॅंडफ्लाय हे नाव येतं आणि लोक घाबरतात. किनाऱ्यावरच्या चिलटांनाही तेच नाव सर्रास वापरतात पण खरी वाळूमाशी वेगळी, ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहते आणि तिच्यामुळे काळाआजार होतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला, मुलांना मेंदूज्वर करणारा चांदीपुरा विषाणूही वाळूमाशीशीच जोडलेला आहे. कुठेही राहून आल्यावर मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके असं काही झालं तर चिलट का वाळूमाशी याचा विचार करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

चावलीच तर

साबण आणि गार पाण्याने धुवा, बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा, आमच्या फ्रीजमध्ये असतो. कॅलमाईन लावा. फारच खाज असेल तर सिट्रिझीनची गोळी लोक घेतात पण झोप येते, गाडी चालवायची असेल त्यांनी घेऊ नये, आणि मुलांना, गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. पित्त उठल्यावर लावतात तसं आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, गार वाटतं, पण खाजवून सोललेल्या जागेवर लावाल तर नाचाल. लाली पसरत चालली, पू झाला, ताप आला तर दापोलीला डॉक्टर आहेत, आम्ही नेऊ. ओठ, डोळे सुजले किंवा श्वास लागला तर रात्री दोन वाजता उठवा, संकोच नको.

आणि खाजवायचं नाही. मोठ्यांना जमत नाही तर मुलांना काय जमणार, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची नखं कापून या. विसरलात तर चहाच्या टपरीवर साखरेच्या डब्याशेजारी नेलकटर लटकवलेलं आहे, वापरून परत तिथेच अडकवा, आत्तापर्यंत चार गेलेत.