हलगी ‘आपली’ कधी झाली?

कोल्हापुरात डॉल्बीला विरोध वाढला तशी बरीच मंडळं परत हलगीकडं वळली, आणि बॅनरवर ‘आपलं पारंपरिक लोकवाद्य’ आलं. आता आपलं म्हणजे नेमकं कुणाचं, भांडण इथं आहे.

संस्थानाच्या काळात हलगी ही कला-बिला नव्हती, गावकीचं काम होतं. दवंडी, जत्रा, वरात, मयत, कुठंही महार-मांगांनी वाजवायचं, त्या बदल्यात बलुतं, आणि जेवण मंडपाबाहेर. त्याच वेळी दरबारात ख्यालगायकीला आश्रय होता, म्हणजे ‘गाणं’ कुणाचं आणि ‘वाजवणं’ कुणाचं हे इथं आधीच वाटून झालं होतं. १९१८ ला शाहू महाराजांनी महार वतन, म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यातली वंशपरंपरेची बांधिलकी, रद्द केलं आणि १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची ती परिषद झाली, शाहू महाराज आणि आंबेडकर एका मंचावर होते ती, हे सगळ्यांना पाठ आहे.

खरा पेच १९५६ नंतरचा. धर्मांतर झालं आणि गावोगावच्या महार घरांनी मेलेली जनावरं ओढायचं आणि हलगी वाजवायचं बंद केलं. काही ठिकाणी तर हे आधीच सुरू झालं होतं. यावर आजही तावातावानं बोललं जातं, की चांगलं वाद्य टाकून दिलं, परंपरा मोडली. मला हे अजिबात पटत नाही. सोडली ती सक्ती, नाद नाही. गाणं तर कुणीच सोडलं नव्हतं, उलट आंबेडकरी जलशांनी, म्हणजे चळवळीचा विचार सांगणाऱ्या गाण्या-नाट्याच्या फडांनी, तमाशाचाच साचा घेतला, त्यातलं देवाचं गण-गौळण काढलं आणि त्याजागी आपला विषय मांडला. त्याआधी सत्यशोधक जलशांनी हेच केलं होतं. मग वाद्य का टाकलं? कारण हातात हलगी दिसली की समोरचा जात ओळखायचा आणि हुकूम सोडायचा, ‘वाजीव रे’. ज्यांना कधी कुणी असं म्हटलं नाही त्यांनी परंपरेचा हिशोब मागणं मला तरी बरोबर वाटत नाही.

मातंग समाजातल्या बऱ्याच घरांनी वाजवणं चालू ठेवलं. शेत नव्हतं, पोट होतं, आणि हातात पिढ्यांची तयारी होती. आज जत्रेत आणि कुस्तीच्या मैदानात हलगी आणि तिच्या साथीचं घुमकं, कैताळ ऐकताना अंगावर काटा येतो तो त्यांच्यामुळं. सोडलेले आणि न सोडलेले यांच्यात त्यावरून कडवटपणा आला, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

‘लोक’ हा शब्द त्यानंतरचा. तमाशाचं लोकनाट्य झालं, हलगीचं लोकवाद्य, युवा महोत्सवात त्याला बक्षीस मिळायला लागलं. शब्द बरा आहे, पण त्यात जात पुसली जाते आणि सुपारीचा दर मात्र घासाघीस करूनच ठरतो. कुस्तीच्या व्हिडिओखाली पैलवानाचं नाव असतं, तालमीचं असतं, वस्तादाचं असतं, हलगीवाल्याचं क्वचित.

आता हलगीला चामड्याऐवजी फायबरचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, आलंय. चामड्याची हलगी थंडीत, पावसात उतरते, जाळावर शेकावी लागते, आणि ते कातडं कमवायचं, ताणायचं काम कुणाकडं होतं ते सांगायला नको. फायबरला शेकायला लागत नाही, कातड्याला हात लागत नाही. तेव्हापासून मंडळातली सगळ्या घरांतली पोरं हलगी गळ्यात अडकवायला लागली.